ओझेटच्या उकिरड्यातील हाडे आणि माका जमातीचा सागरी हक्क

उत्तर अमेरिकेच्या वायव्य प्रशांत किनाऱ्यावरील मूळनिवासींनी मागे ठेवलेले सर्वांत मोठे अवशेष म्हणजे त्यांच्या गावांचे उकिरडे होत. या लोकांनी दगडी वास्तू उभारल्या नाहीत आणि मातीची भांडीही घडवली नाहीत. त्यांची घरे, होड्या, पेट्या, दोर आणि पोशाखसुद्धा देवदाराच्या जातीच्या वृक्षांपासून, म्हणजे लाकूड व साल यांपासून तयार होत. या प्रदेशात पाऊस मुबलक पडत असल्याने अशा वस्तू लवकरच कुजून जातात. शिल्लक राहतात ते शंख-शिंपल्यांचे थर आणि त्यांत दबलेली मासे, पक्षी, सील, कुत्रे व देवमासे यांची हाडे. काही ठिकाणी हे थर कित्येक मीटर जाडीचे असून त्यांतील सर्वांत खालचे हजारो वर्षांपूर्वीचे आहेत.

हाडे टिकण्याचे कारण शिंपल्यांतच आहे. पावसाळी अरण्यातील जमीन आम्लधर्मी असल्याने एरवी हाड विरघळून जाते. शिंपल्यांतील चुना मात्र ही आम्लता मारतो. म्हणजे रोजच्या जेवणातून टाकलेल्या तिसऱ्या, कालवे आणि शिनाण्यांच्या कवचांनीच बाकीचा पुरावा जपून ठेवला.

या पुराव्याचे सर्वाधिक परिचित स्थळ म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ओझेट. अलास्का व हवाई वगळता संयुक्त संस्थानांचे पश्चिमेकडील शेवटचे टोक असलेल्या केप अलावा येथे हे गाव होते. माका जमातीच्या पाच कायम वस्त्यांपैकी ते एक. माका हे नाव शेजारच्या जमातींनी दिलेले आहे. त्यांच्या स्वतःच्या भाषेतील नावाचा अर्थ, खडक आणि सागरपक्ष्यांच्या सान्निध्यात राहणारे लोक, असा सांगितला जातो. ओझेट येथे किमान २००० वर्षे वस्ती होती. मुलांना नीआ बे येथील सरकारी शाळेत घालण्याची सक्ती झाल्यानंतर कुटुंबे एकेक करून तिकडे गेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाव ओस पडले.

दरडीखालचे गाव

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉगर्टी यांनी १९४७ मध्ये किनाऱ्याच्या सर्वेक्षणात या स्थळाची नोंद केली होती. १९६६ व १९६७ मध्ये तेथील शिंपल्यांच्या थरांचे उत्खननही झाले. परंतु खरा शोध १९७० च्या हिवाळ्यात लागला. वादळी लाटांनी किनाऱ्याची कड खचली आणि चिखलातून लाकडी घराच्या फळ्या, गळ व वल्ह्यांचे तुकडे बाहेर पडू लागले. येणारे-जाणारे त्या वस्तू उचलून नेत असल्याचे समजताच माका जमातीच्या परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष एड क्लॅपलानहू यांनी डॉगर्टी यांना पाचारण केले.

सुमारे ३०० ते ५०० वर्षांपूर्वी गावामागील डोंगराची कडा ढासळून ओल्या चिखलाचा लोंढा घरांवर आला होता. ही दरड १७०० च्या जानेवारीत या किनाऱ्याला हादरवणाऱ्या महाभूकंपामुळे कोसळली असावी, असेही मत मांडले गेले आहे, तथापि कालनिश्चितीबाबत एकमत नाही. चिखलात हवा शिरू न शकल्याने लाकूड, दोर, टोपल्या आणि विणलेली वस्त्रेदेखील टिकली. फावड्याने ही नाजूक संपदा भंगली असती. म्हणून समुद्राचे पाणी पंपाने ओढून त्याच्या धारेने चिखल धुण्यात आला. उत्खनन १९८१ पर्यंत, म्हणजे ११ वर्षे चालले. त्यातून ५५ हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. त्या विद्यापीठाकडे न जाता जमातीकडेच राहिल्या. त्यांच्यासाठी नीआ बे येथे १९७९ मध्ये माका सांस्कृतिक व संशोधन केंद्र उघडण्यात आले. तेथील साठ्याची मांडणी करताना माका भाषेतील वर्गीकरणाचा आधार घेण्यात आला, ही गोष्ट संग्रहालयांच्या जगात त्या काळी नवी होती.

प्रदर्शनात पाहणाऱ्यांची नजर हटकून खिळते ती देवमाशाच्या पाठीवरील पराच्या आकाराच्या एका लाकडी शिल्पावर. त्यात समुद्री पाणमांजरांचे ७०० हून अधिक दात बसवलेले आहेत. त्या तुलनेत हाडांचा साठा दिसायला रुक्ष. अभ्यासकांसाठी मात्र तोच अधिक बोलका ठरला आहे.

हाड ओळखायचे कसे

उत्खननातील प्रत्येक तुकड्याची तुलना ज्ञात प्राण्यांच्या सांगाड्यांशी केली जाते आणि प्राणी, अवयव, वय, शक्य असल्यास लिंग यांची नोंद होते. त्यानंतर ओळखता आलेल्या तुकड्यांची संख्या आणि त्यांवरून निघणारी प्राण्यांची किमान संख्या असे दोन आकडे मांडले जातात. पहिला आकडा फुगतो, कारण एकाच हाडाचे दहा तुकडे झालेले असू शकतात. दुसरा आकसतो. जाणकार दोन्ही पाहतात. महाराष्ट्रात इनामगाव येथील उत्खननात (१९६८ ते १९८३) मिळालेल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये झाला. त्यामुळे ही पद्धत मराठी वाचकांना अगदीच अपरिचित नाही. अलीकडे प्राचीन डीएनए, हाडातील प्रथिनांची ओळख आणि कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांचे मापन यांची त्यात भर पडली आहे.

चाळणीची जाळी किती बारीक, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण अनेक निष्कर्ष त्यावर उलटले आहेत. सुमारे ६ मिलिमीटरच्या जाळीतून हेरिंगचे मणके सहज गळून पडतात. मोठ्या जाळीने चाळलेल्या जुन्या उत्खननांत म्हणूनच सॅमन, सील यांसारख्या मोठ्या प्राण्यांचे प्राबल्य दिसे आणि वायव्य किनाऱ्याची संस्कृती म्हणजे सॅमनवर पोसलेली संस्कृती, हा समज दृढ होत गेला. (भारतातील बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची प्रथा आहे. दोहोंचा जातीने काही संबंध नाही.)

२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी वापरात आल्यावर चित्र बदलले. इयान मॅककेचनी व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया आणि अलास्का येथील १७१ स्थळांवरील ४ लाख ३५ हजार ७७७ माशांच्या हाडांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. तारलीशी नाते सांगणारा हेरिंग हा छोटा मासा ९९ टक्के स्थळांवर आढळला आणि ८० टक्के स्थळांच्या साठ्यांत तो संख्येने पहिल्या दोन जातींपैकी एक होता. शतकानुशतके त्याचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी स्थिर राहिल्याचेही दिसून आले. विसाव्या शतकातील हेरिंगचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. तेल व खत-खाद्यासाठी केलेल्या बेसुमार मासेमारीमुळे ब्रिटिश कोलंबियातील साठे १९६० च्या दशकात कोसळले आणि ती मासेमारी बंद करावी लागली. मत्स्य खाते ज्या काळाला ‘सामान्य’ मानून आजच्या साठ्याचे मोजमाप करते, तो काळ मुळात ओहोटीचा असू शकतो, असा या हाडांचा अर्थ निघतो.

हा वाद कागदोपत्री राहिलेला नाही. २०१४ मध्येच व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर हेरिंगची व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू करण्याच्या केंद्रीय मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध नूचाह्नुल्थ जमातींनी कॅनडाच्या संघराज्य न्यायालयात दाद मागितली आणि मनाई हुकूम मिळवला. पुढील वर्षी हैदा जमातीनेही आपल्या बेटांसाठी तसाच हुकूम मिळवला. माका हे भाषेने व रक्ताने याच नूचाह्नुल्थांचे दक्षिणेकडील आप्त आहेत, केवळ मधल्या सामुद्रधुनीतून आज आंतरराष्ट्रीय सीमा जाते.

देवमासे, सील आणि हरवलेली पैदास-स्थळे

ओझेट येथे हॅलिबट, लिंगकॉड, रॉकफिश आणि सॅमन या माशांची हाडे आहेत. यांतील हॅलिबट आपल्याकडील लेपासारखा चपटा, मात्र माणसाहूनही मोठा होणारा. सस्तन प्राण्यांत सर्वाधिक हाडे उत्तरी फर-सीलची आहेत. इतर सर्व सस्तन प्राणी संख्येत त्याच्या फार मागे राहतात.

ही गोष्ट अभ्यासकांना कोड्यात टाकणारी होती. आज हा सील प्रामुख्याने बेरिंग समुद्रातील बेटांवर पैदास करतो आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यापासून बराच दूर, खोल समुद्रातून स्थलांतर करतो. ओझेटच्या थरांत मात्र आईच्या दुधावर असलेल्या कोवळ्या पिलांचीही हाडे आढळली. पिले इतक्या लांब पोहत येणे शक्य नाही. तेव्हा पैदासीची जागा जवळपास असली पाहिजे. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या प्राचीन हाडांतील समस्थानिकांवर आधारित आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या तर्काला बळ दिले. पूर्वी समशीतोष्ण किनाऱ्यांवर या सीलच्या वसाहती होत्या आणि माद्या पिलांना आजच्यापेक्षा कितीतरी अधिक काळ दूध पाजत, असे त्यातून पुढे आले. बेरिंग समुद्रातील आजची पिले सुमारे ४ महिन्यांत दूध सोडतात. आधुनिक प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ही ४ महिन्यांची सवय त्या जातीचा स्वभाव म्हणून नोंदलेली आहे. प्रत्यक्षात तो उरलेल्या वसाहतींचा स्वभाव आहे. गावाच्या उकिरड्याने ग्रंथाला दुरुस्ती सुचवावी, असे प्रसंग विरळाच.

देवमाशांची हाडे संख्येने सीलपेक्षा कमी, पण आकाराने अवाढव्य. त्यांत ग्रे आणि हंपबॅक या दोन जाती प्रमुख आहेत. गावाला मिळणाऱ्या मांस व तेलाचा मोठा वाटा देवमाशांचा असावा, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. हाडे निव्वळ टाकून दिलेली नव्हती. उतारावरचे पाणी घरांपासून वळवण्यासाठी चर बांधताना आणि माती अडवण्यासाठी ती रचलेली होती. काही हाडांत भाल्याच्या शिंपली पात्याचे तुकडे रुतलेले सापडले. किनाऱ्याला लागलेला मृत देवमासाच हे लोक कापत असावेत, या शंकेला हे उत्तर पुरेसे आहे.

शिकारीची रीत मौखिक परंपरेतून व जुन्या वर्णनांतून ज्ञात आहे. एका लाकडात कोरलेल्या होडीत ८ जण असत. भाला फेकणारा हा बहुधा गावाचा प्रमुख असे आणि त्याआधी तो दीर्घकाळ व्रतस्थ राही. भाल्याच्या दोरीला सीलच्या कातड्याचे फुगे बांधलेले असत. त्यांच्या ओढीने प्राणी थकला की त्याला मारीत. मग एक जण पाण्यात उडी घेऊन देवमाशाचे तोंड शिवून टाकी. तोंडातून पाणी शिरून धूड बुडू नये, हा त्यामागील हेतू होता.

जे उरत नाही

हाडांच्या साक्षीला मर्यादा आहेत आणि त्या ध्यानात न घेतल्यास फसगत होते. देवमाशाचे तेल, मागे अवशेष ठेवत नाही. चरबी आणि मांस समुद्रकाठीच कापून घेतले, तर जड हाडे तेथेच पडतात आणि लाटा ती नेतात. सागरी शैवालावर हेरिंगने घातलेली अंडी गोळा करून खाणे हा या किनाऱ्यावरचा मोठा ऋतूत्सव, परंतु अंड्यांना हाडे नसतात. गावातील कुत्रीही हाडे पळवीत व चघळीत. शेजारच्या जमातींशी सुकवलेल्या मांस-माशांचा व्यापार होत असल्याने गावात मिळालेले हाड गावच्याच समुद्रातील असेल, हेही नेहमी खरे नसते.

उलट, काही वेळा हाड आणि वडीलधाऱ्यांची आठवण एकमेकांना पुष्टी देतात. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या गावांत मोठ्या ब्लूफिन ट्यूनाची, म्हणजे आपल्याकडील कुपा, गेदर यांच्या महाकाय भाऊबंदाची हाडे मिळाली. हा मासा आज त्या थंड पाण्यात सहसा आढळत नाही, त्यामुळे ओळख चुकली असावी असे वाटणे साहजिक होते. नूचाह्नुल्थ वृद्धांनी मात्र रात्रीच्या वेळी पाण्यात चमकणाऱ्या प्रकाशरेषेवरून या माशाचा माग काढून भाला मारण्याची रीत वर्णन केली होती.

लोकर देणारे कुत्रे

ओझेटच्या चिखलात कुत्र्याच्या लोकरीचे विणलेले कांबळेही मिळाले. मेंढी नसलेल्या या किनाऱ्यावर कुत्रा हाच लोकर देणारा पाळीव प्राणी होता. हाडांच्या मापांवरून गावांत दोन आकारांचे कुत्रे होते असे दिसते. लहान चणीचा लोकरीसाठी आणि मोठा शिकार व राखणीसाठी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वायव्य किनाऱ्यावर आजवर कोल्हा-लांडग्याच्या कुळातील म्हणून नोंदलेली बहुतांश हाडे पाळीव कुत्र्यांचीच असल्याचे दाखवण्यात आले. शेती नसलेल्या समाजातही पशुपालन होते, हा त्याचा निष्कर्ष. ‘केवळ निसर्गातून उचलून खाणारे’ अशी या लोकांची जी प्रतिमा वसाहत काळापासून रूढ आहे, तीत हा निष्कर्ष बसत नाही.

लोकरी कुत्र्यांची जात एकोणिसाव्या शतकात लोप पावली. ‘मटन’ नावाच्या अशा एका कुत्र्याचे कातडे वॉशिंग्टन शहरातील स्मिथसोनियन संस्थेत आहे. तो १८५९ मध्ये मरण पावला. २०२३ मध्ये त्याच्या जनुकांचा तपास प्रसिद्ध झाला. ही जात सुमारे ५००० वर्षांपूर्वी इतर कुत्र्यांपासून वेगळी झाल्याचे आणि तोवर तिच्यात युरोपीय कुत्र्यांचा संकर फारसा झाला नसल्याचे त्यातून समजले. यंत्रमागाची घोंगडी स्वस्त झाल्याने ही जात संपली, हे जुने स्पष्टीकरण कोस्ट सालिश जमातींच्या जाणत्यांना मान्य नाही. साथीचे रोग, विणकामावरील बंधने आणि कुटुंबांची ताटातूट ही कारणे ते पुढे करतात. या संशोधनात त्यांचे म्हणणे पुराव्याच्या बरोबरीने मांडलेले आहे.

निवडून धरलेले मासे

व्हँकुव्हर शहरालगतच्या बरार्ड खाडीत त्स्लेल-वॉटुथ जमातीच्या जुन्या गावांतील चम सॅमनच्या मणक्यांचा प्राचीन डीएनए तपासण्यात आला. हा अभ्यास जमातीच्या सहभागाने होऊन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांत नरांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. चम सॅमनचा एक नर अनेक माद्यांची अंडी फळवू शकतो. त्यामुळे नर काढून घेतले आणि माद्या सोडून दिल्या, तर मिळकत वाढते आणि पुढील पिढीही घटत नाही. जमातीची परंपरा हेच सांगत आली होती. नदीतील कुंपणवजा सापळ्यांत मासा जिवंत राहतो, म्हणून अशी निवड करणे शक्य होते. जाळ्याने एकदम उपसणाऱ्या व्यापारी मासेमारीत ती शक्य नसते.

करार, न्यायालय आणि हाडे

१८५५ च्या नीआ बे करारान्वये माका जमातीने आपली बहुतांश जमीन संयुक्त संस्थानांना दिली. परंतु मासे, सील व देवमासे धरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत राखून ठेवला. देवमाशांच्या शिकारीचा हक्क अशा शब्दांत नमूद असलेला अमेरिकेतील हा एकमेव जमाती करार होय. पुढे व्यापारी शिकारीने देवमासे इतके घटले की माकांनी १९२० च्या दशकात शिकार थांबवली. पूर्व प्रशांतातील ग्रे देवमासे सावरल्यानंतर १९९४ मध्ये त्यांचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९९७ मध्ये कोटा मंजूर केला आणि १७ मे १९९९ रोजी माकांनी सात दशकांनंतर पहिला देवमासा मारला. समुद्रात आणि रस्त्यावर तीव्र निदर्शने झाली.

प्राणिहक्क संघटनांच्या याचिकांवर अपील न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला. सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यातून सूट मिळाल्याखेरीज शिकार करता येणार नाही, असे त्यात ठरले. जमातीने २००५ मध्ये सूट मागितली. २००७ मध्ये जमातीतील पाच जणांनी परवानगीविना एक देवमासा मारला, तेव्हा जमातीच्या परिषदेनेच त्याचा निषेध केला.

या सर्व वादात ओझेटच्या हाडांचा उल्लेख वारंवार झाला. किमान १५०० वर्षांची शिकार-परंपरा सिद्ध करणारा भौतिक पुरावा म्हणून सरकारी दस्तऐवजांतही तिची दखल आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, सत्तर वर्षे ज्याविना जमात जगली ते तिच्या निर्वाहासाठी आवश्यक कसे मानावे? येथे पुराव्याची हद्द स्पष्ट करणे इष्ट. शिकार प्राचीन होती आणि गाव तिच्यावर पोसले जात होते, एवढे हाडे सांगतात. खंड पडल्यावर हक्क उरतो की नाही, हे हाडांवरून ठरणार नाही. तो करारातील शब्दांचा प्रश्न आहे आणि त्या शब्दांत वापर थांबल्यास हक्क संपेल अशी अट नाही.

जून २०२४ मध्ये, म्हणजे अर्जानंतर १९ वर्षांनी, अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागाने सूट मंजूर केली. त्यानुसार १० वर्षांत अधिकाधिक २५ ग्रे देवमासे मारता येतील आणि प्रत्यक्ष शिकारीसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागेल. शिकारीचे मोसम आलटून-पालटून ठेवले आहेत. हिवाळा-वसंताच्या मोसमात कमाल ३ आणि उन्हाळा-शरदाच्या मोसमात कमाल २. पश्चिम प्रशांतातील अत्यल्प ग्रे देवमासे आणि उन्हाळ्यात याच किनाऱ्यालगत चरणारा छोटा कळप यांपैकी कोणा एकावर सलग भार पडू नये, यासाठी ही योजना आहे. दरम्यान या देवमाशांची संख्या पुन्हा खालावली. २०१६ मध्ये ती सुमारे २७ हजार असल्याचा अंदाज होता. २०१९ ते २०२३ या काळात मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले आणि २०२३ चा अंदाज साडेचौदा हजारांच्या आसपास आला. आर्क्टिकमधील त्यांच्या खाद्यात झालेला बदल हे त्याचे कारण असल्याचे विभागाचे मत आहे.